ट्रक कुणाचा?

ग्लेनिस नोस्के वर्गात सहसा बसत नसे. बसायचं म्हणजे पुन्हा उठायचं आलं, आणि उजव्या गुडघ्याला ते अजिबात मान्य नव्हतं. म्हणून एकसष्टाव्या वर्षीही ती दिवसभर टेबलाला कंबर टेकून उभी असायची आणि पोरांना वाटायचं, आपल्या बाई काय कडक आहेत! कडक कसली डोंबलाची, दमलेली होती. कार्कुलाच्या त्या चार खोल्यांच्या शाळेत तेहतीस वर्षं काढल्यावर माणूस दमणार नाही तर काय होणार? नवऱ्यानं शेत विकलं, मुलगा पर्थकडे खाणीत गेला, दोन हेडमास्तर आले नि गेले, आणि ही बाई रोज सकाळी बारा किलोमीटर खडीच्या रस्त्यावरून गाडी हाकत येतेच आहे.

नोव्हेंबर लागला होता. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या मॅलीत, त्या कोरड्या गव्हाच्या पट्ट्यात, नोव्हेंबर म्हणजे गव्हाची कापणी, आणि कापणी म्हणजे शाळेसमोरून सायलोकडे, गावाबाहेरच्या उंच धान्यकोठारांकडे, जाणारे ट्रक, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. वर्गातला एसी नुसता घरघरायचा, गार काही करायचा नाही, म्हणून खिडक्या उघड्या. आत धूळ, भुसा आणि माश्या. चौथी-पाचवीची मिळून बावीस पोरं अपूर्णांक सोडवत होती, म्हणजे एकवीस सोडवत होती आणि खिडकीशी दुसऱ्या बाकावर टिली नुसती बसली होती.

टिली दहा वर्षांची. हातापायाच्या काड्या, त्याही अलीकडे जास्तच. वही उघडी, पेन्सिल हातात, नजर वहीवर. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय गुणी पोर आहे. ग्लेनिस जवळ जाऊन बघायची तेव्हा वहीवर फळ्यावरचं पहिलं गणित उतरवलेलं असायचं, अगदी सुबक अक्षरात, आणि त्याखाली काही नाही. "टिली, पुढचं?" असं विचारलं की "हो बाई" म्हणायची आणि पुढचं गणित उतरवायची. पुन्हा कुणी सांगेपर्यंत तिथंच थांबायची. डबाही जसा यायचा तसा परत जायचा.

आणि ग्लेनिसच्या ड्रॉवरमध्ये एक फॉर्म पडला होता. दोन पानांचा. मुलांची डॉक्टर ॲडलेडहून वर्षातून तीन-चारदा तालुक्याच्या दवाखान्यात यायची, आणि येण्याआधी शाळेकडून हा फॉर्म मागवायची. मूल जागेवरून उठतं का, मध्येच बोलतं का, काम अर्धवट सोडतं का; पुढे चार रकाने, कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, सतत. टिलीची लक्ष लागण्यासाठीची गोळी वाढवायची, तेवढीच ठेवायची की कमी करायची, ते बरंचसं त्या खुणांवर ठरायचं. डॉक्टरला तरी काय दिसणार? पंधरा मिनिटं पोर समोर बसते आणि गप्प असते. बाकीचं सगळं बाईंच्या पेनात.

हा तिसरा फॉर्म होता, गुरुवारपर्यंत हवा होता, आणि ग्लेनिसला ड्रॉवरला हात लावायची इच्छा होत नव्हती. कारण दुसऱ्या फॉर्ममध्ये तिनं काय केलं होतं, ते तिला एकटीला माहीत होतं.

ही टिली मुळात कशी होती, ते सांगायला हवं. गेल्या वर्षी चौथीत आली तेव्हा नुसता वारा प्यायलेलं वासरू. बाकावर बूड टेकायचं नाही. कुणाच्या तरी पाण्याची बाटली सांडायची, कुणाच्या तरी वहीत डोकं घालायचं, आणि ट्रक आला की संपलंच, उडी मारून खिडकीत. पण ती ट्रक बघायला जायची नाही, तो तिला आधीच कळलेला असायचा. ट्रक अजून चर्चच्या वळणावर असायचा, बाकी कुणाला चाहूलही नसायची, आणि ही ओरडायची, "शुल्ट्झचा मॅक ट्रक! भरलेला!" किंवा, "ओ'डे म्हाताऱ्याचा! त्याचा ब्रेक बघा कसा रडतोय!" पोरं खिडकीशी गोळा व्हायची, ट्रक यायचा, तो ओ'डेचाच असायचा. सोळा ट्रक ओळखायची नुसत्या आवाजावर, भरलेला की रिकामा तेही सांगायची. त्यात एक ट्रक बापाचा. ब्रेट दुसऱ्यांचा गहू वाहायचा, दिवसातून चार फेऱ्या, आणि शाळेसमोर आला की दोनदा हॉर्न द्यायचा, पप्-पप्. टिली दोन्ही हात खिडकीबाहेर काढून हलवायची. त्या ट्रकचं नाव ती कधी ओरडून सांगायची नाही. फक्त "बाबा" म्हणायची, तेही हळू.

ऐकायला गोड वाटतं. वीस वेळा दिवसातून हे झालं, आणि दर वेळी बावीस पोरांना पुन्हा जागेवर आणायचं असलं, की मग कळतं गोड की काय ते. शिवाय पोरीला धड एक पान वाचता येत नव्हतं, ओळ सुरू केली की मध्येच निसटायची, आणि आपल्याला जमत नाही हे कळण्याइतकी ती हुशार होती. एकदा पुस्तक भिंतीवर मारून रडली. म्हणून यंदा मार्चमध्ये पहिला फॉर्म आला तेव्हा ग्लेनिसनं तो घरी नेला, जेवणाच्या टेबलावर तासभर बसून भरला, एकेक प्रश्न दोनदा वाचून. त्या फॉर्मबद्दल तिच्या मनाला कधी टोचणी लागली नाही.

मे महिन्यापासून गोळी सुरू झाली, लहान गोळी, रोज सकाळी एक. आणि खरं सांगायचं तर त्या गोळीनं पोरीचं भलं केलं. जूनमध्ये टिलीनं कोंबड्यांवरचं एक पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि ते छातीशी धरून शाळाभर फिरली. ट्रक अजूनही ओळखायची, पण बसल्या जागेवरून, पेन्सिलीनं बाकावर टकटक करून. दुपारी जेवणानंतर मात्र गोळीचा जोर ओसरायचा आणि शेवटचा तास पुन्हा पहिल्यासारखा.

तो शेवटचा तास ग्लेनिसच्या जिवावर यायचा. ऑगस्टच्या अखेरीस दुसरा फॉर्म आला, त्यात नेमकं जेवणानंतरच्या वागण्याबद्दल विचारलं होतं. शुक्रवार होता, साडेतीन वाजले होते, गुडघा ठणकत होता, आणि त्याच दुपारी टिलीनं गोंदाची बरणी उपडी केली होती. ग्लेनिसनं उभ्या उभ्या पेन काढलं आणि शेवटच्या रकान्यात, सतत, सतत, सतत, वरपासून खालपर्यंत एका रेषेत अठरा खुणा केल्या. प्रश्न वाचले नाहीत. वाचले असते तर एकात तरी हात थांबला असता, कारण त्यात 'दुसऱ्या मुलांना मारते का' असाही प्रश्न होता, आणि टिलीनं आयुष्यात माशीसुद्धा मारली नव्हती.

सप्टेंबरात गोळी दुप्पट झाली. तेव्हापासून वर्ग शांत होता.

सगळे खूष. हेडमास्तर रंडल दारातून डोकावून अंगठा दाखवून गेला. ऑक्टोबरच्या सभेत टिलीला शाबासकीचं सर्टिफिकेट मिळालं, 'शांत बसून काम पूर्ण केल्याबद्दल', ग्लेनिसच्याच अक्षरात. टिलीची आई, जोडी नावाची, गावच्या बेकरीत कामाला होती; तिनं ते घरी फ्रिजवर लावलं आणि बेकरीत येणाऱ्या प्रत्येकाला ती ते सांगायची. आणि ग्लेनिसही खूष होती, उगाच खोटं कशाला बोला? सात आठवडे ती घरी जाऊन पायावर बर्फ न ठेवता झोपली होती.

पण आता कापणी सुरू झाली होती आणि ट्रक जात होते.

त्या सोमवारी अपूर्णांकांच्या तासाला चर्चच्या वळणावरून एक ट्रक आला. ग्लेनिसचे कान आता पूर्वीसारखे राहिले नव्हते, पण हा तिलाही ओळखू आला, कारण ब्रेक रडत होता. टिलीची मान खालीच. ट्रक खिडकीसमोरून गेला, बाकावरची पेन्सिल थरथरली, मान खालीच. ग्लेनिस तिच्याजवळ गेली आणि तेहतीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं, गणिताच्या तासाला गणित सोडून दुसरंच विचारलं.

"टिली, कुणाचा गं हा?"

टिलीनं वर बघितलं. अगदी नीट, अदबीनं बघितलं. थोडा विचारही केला.

"ट्रक आहे, बाई," ती म्हणाली. मग तिला वाटलं, आपलं काही चुकलं, म्हणून तिनं घाईघाईनं पुढचं गणित उतरवायला घेतलं.

ग्लेनिस टेबलाशी परत आली आणि चक्क खुर्चीत बसली. पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ब्रेट आला. ट्रक बाहेर चालू ठेवून आला होता, कपड्यांवर भुसा, डोळे लाल. ब्रेट ग्लेनिसचाच जुना विद्यार्थी, दारात आल्यावर हॅट हातात घेतली त्यानं, पण आवाज चढलेलाच होता.

तो म्हणाला, की बाई, मला शाळेच्या कामात तोंड घालायचं नाही, पण दोन आठवडे मी चार-चार वेळा हॉर्न देत जातोय आणि खिडकीत कुणी नसतं. पोरीची जागा तुम्ही बदललीत. पलीकडे भिंतीशी बसवलंत, तिचं लक्ष जातं म्हणून. कळतं मला. पण कापणीत मी पहाटे चारला निघतो आणि ती झोपल्यावर येतो. दिवसभरात तेवढीच भेट आमची.

"एक हात हलवला तर तुमचं काय जातं, बाई?" तो म्हणाला.

ग्लेनिस चालत खिडकीपाशी गेली आणि दुसऱ्या बाकाचं झाकण उचललं. आत टिलीचं नाव लिहिलेला कंपास होता, कोंबड्यांचं पुस्तक होतं आणि त्या दिवसाचं न खाल्लेलं सँडविच होतं.

"जागा हीच आहे ब्रेट," ती म्हणाली. "फेब्रुवारीत वर्ष सुरू झाल्यापासून. मी हलवलेली नाही."

ब्रेटनं बाकाकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग खिडकीतून आपल्या ट्रककडे, जो तिथून दहा पावलांवर उभा होता. मग हॅट घातली आणि निघून गेला. त्या संध्याकाळी जाताना हॉर्न वाजला नाही.

ग्लेनिसनं घरी फॉर्म भरला, जेवणाच्या टेबलावर, तासभर. जागेवरून उठते का? कधीच नाही. मध्येच बोलते का? कधीच नाही. सगळ्या खुणा खऱ्या होत्या आणि त्या तशाच पाठवल्या असत्या तर डॉक्टर म्हणाली असती, वा, छान, चालू ठेवा. म्हणून पानाच्या तळाशी 'इतर काही' म्हणून जी बोटभर जागा असते, जिथं तेहतीस वर्षांत तिनं 'काही नाही' याखेरीज अक्षर लिहिलं नव्हतं, तिथं तिनं बारीक अक्षरात लिहिलं, आणि जागा संपली तेव्हा पान उलटून लिहिलं. लहान गोळीवर पोर वाचत होती आणि ट्रकही ओळखत होती. मागचा फॉर्म मी न वाचता भरला, एका रेषेत, कारण मी दमले होते. गेले सात आठवडे मी हिची हजेरी लावते आहे, पण ही वर्गात नाही.

फॉर्म पाकिटात बंद करून पाठवायचा असतो. ग्लेनिसनं तो उघडाच नेला, बुधवारी सकाळी, बेकरीत. आईच्या पाठीमागून हे करायचं तिला पटेना.

जोडी काउंटरमागे पेस्टी, त्या मोठाल्या खाऱ्या करंज्या, मांडत होती. तिनं हात पुसले, दोन्ही बाजू वाचल्या, आणि पाठीमागे गिऱ्हाईक उभं असूनही आवाज खाली आणला नाही.

तिनं ग्लेनिसला चांगलंच फैलावर घेतलं. पाच वर्षं, म्हणाली, शाळेचा फोन वाजला की हातातलं काम टाकून मी पळायचे. आज काय फोडलं, कुणाला ढकललं, येऊन घेऊन जा. इथून तिथून तीन नोकऱ्या गेल्या त्या फोनपायी. वाढदिवसाला कुणी बोलवत नव्हतं पोरीला. आता कुठे सात आठवडे फोन गप्प आहे, फ्रिजवर एक सर्टिफिकेट लागलंय. "तेही तुम्हीच दिलंत ना? आणि आता म्हणताय, पोर वर्गात नाही?"

"मीच दिलं," ग्लेनिस म्हणाली. "चुकलं माझं. दोन्हीकडे चुकलं."

"आणि गोळी कमी केली, ती पुन्हा खिडकीत चढली, की फोन कोण करणार? तुम्हीच."

ग्लेनिसच्या मनात आलं, खरं बोलतेय ही बाई. वर्ष संपायला पाच आठवडे, निकालपत्रकं, नाताळचा कार्यक्रम, ही उष्णता, हा गुडघा. शांत वर्ग आयता हातात होता. आपणहून कोण तो घालवतं?

"या वर्षी मी एकही फोन करणार नाही," ती म्हणाली. "काहीही होवो."

"लिहून द्या."

थट्टा नव्हती ती. जोडीनं पेस्टीची कागदी पिशवी काउंटरवर सरकवली आणि कानामागचं पेन काढून दिलं. मागच्या गिऱ्हाइकाच्या देखत, तेहतीस वर्षं नोकरी झालेल्या बाईंनी पिशवीवर लिहिलं, 'फोन करणार नाही', आणि खाली सही केली. जोडीनं पिशवी घडी करून खिशात घातली, फॉर्म पाकिटात घातला आणि पाकीट स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. ते ती डॉक्टरला देईल की कचऱ्यात टाकेल, हे ग्लेनिसला कळायला मार्ग नव्हता. विचारायचं धाडसही झालं नाही.

डॉक्टरची फेरी होऊन गेल्यावर, पुढच्या सोमवारी टिली शाळेत आली तेव्हा काही फरक दिसला नाही. मंगळवारी तिनं अर्धा डबा खाल्ला; मोठ्या गोळीनं तिची भूकच मेली होती. तेव्हा ग्लेनिसला कळलं की फॉर्म पोचला आणि गोळी पुन्हा लहान झाली. बुधवारी शेवटच्या तासाला पेन्सिलीची टकटक सुरू झाली आणि ग्लेनिसच्या कपाळात कळ गेली. हा आवाज आपण मागून घेतला आहे, असं तिनं स्वतःला दोनदा सांगितलं.

गुरुवारी दुपारी पारा अडतीसवर होता. पोरं नाताळच्या कार्यक्रमाचा पडदा रंगवत होती, आणि चर्चच्या वळणापलीकडे काहीतरी गुरगुरलं. टिली ताडकन उठली. "शुल्ट्झचा मॅक! रिकामा!" बाक सरकला, कोपर लागलं, आणि रंगाच्या पाण्याची अख्खी बादली ग्लेनिसनं तीन रात्री बसून लिहिलेल्या निकालपत्रकांवरून जमिनीवर गेली.

"टिली!" ग्लेनिस ओरडली. तो जुना आवाज तिच्या तोंडून असा निघाला की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा गप्प झाली. टिली पांढरीफटक पडली. दारात हेडमास्तर रंडल उभा राहिला, एकदा पाण्याकडे, एकदा पोरीकडे बघून म्हणाला, की कमाल आहे, इतकी सुधारली होती. आईला फोन लावू का?

ग्लेनिसला त्या क्षणी फोन लावावासा वाटत होता. अगदी मनापासून वाटत होता. बावीस निकालपत्रकं हिरवी झाली होती.

"नको," ती म्हणाली. "पाणी आहे. पुसता येतं."

रंडल खांदे उडवून गेला. ग्लेनिसनं पोरांना हॅट घालून बाहेर झाडाखाली पिटाळलं आणि दोन फडकी घेतली. गुडघा टेकताना तिला ब्रह्मांड आठवलं. टिली न सांगता समोर येऊन बसली आणि पुसायला लागली. नाक ओढत होती, पण पुसत होती. फडकी पिळायची, पुन्हा पुसायचं.

मध्येच टिलीचा हात थांबला. ग्लेनिसला काहीच ऐकू येत नव्हतं. एसीची घरघर, बाहेर पोरांचा कालवा, बस.

"बाबा," टिली म्हणाली, हळू. मग तिनं बाईंकडे बघितलं, आणि उठली नाही. फडकं घट्ट धरून बसून राहिली.

ग्लेनिसनं कान दिला. बराच वेळ काही नाही. मग वळणावर गिअर बदलल्याचा आवाज आला, मग जमीन थरथरली. हॉर्न नव्हता. तो मंगळवार झाल्यापासून ब्रेट हॉर्न देतच नव्हता.

"जा," ग्लेनिस म्हणाली. "पळ."

टिली खिडकीत पोटापर्यंत बाहेर लोंबकळली आणि दोन्ही हात हलवायला लागली, एका हातात ओलं फडकं तसंच. ट्रक समोर आला तेव्हा एकदम हळू झाला, इतका की आता थांबतोच. आणि मग हॉर्न वाजला. दोनदा नाही. जो सुरू झाला तो शाळा ओलांडून, बेकरी ओलांडून, थेट सायलोपर्यंत वाजत गेला.

टिली खिडकीतच होती. बाकीचं पाणी ग्लेनिसनं एकटीनं पुसलं.